बारा मिनिटांची काच

"थांबू नका! चालत राहा!"

खांद्यावर करवत घेऊन चर्चमध्ये शिरलेली सुताराची लेक दचकलीच. समोर तीन पायांवर एक भलीमोठी पेटी आणि शेजारी घड्याळ धरलेला, विस्कटल्या केसांचा तरुण.

"फोटोवाले तर हलू नका म्हणतात ना?"

"फोटो उमटायला पेटीतली ही काच बारा मिनिटं उघडी ठेवतात. चालत राहिलात तर तुम्ही उमटणार नाही. थांबलात, की फोटोत पुसट... भूत!"

"भूत असेल तुमच्या घरी!" ती फणकारली, पण चालत राहिली.

वेदीमागची लाकडी भिंत तिच्या आजोबांनी चार वर्षं खपून कोरली होती. शनिवारी ती पाडायचं ठरलं होतं. अंधारात कुणाला दिसतं ते कोरीवकाम, असं विश्वस्तांचं म्हणणं. नोंद राहावी एवढ्यासाठी याला बोलावलेलं. पण काच धुतली, तर भिंतीच्या जागी नुसता काळा डाग!

"आता दोनच काचा उरल्यात," तो मान खाली घालून म्हणाला.

ती धावत घरी गेली आणि भिंतीवरचा आरसाच काढून घेऊन आली. "खिडकीत ऊन फुकट चाललंय. आत वळवू या की!"

उन्हाचा कवडसा ती कोरीवकामावरून हळूहळू फिरवत राहिली, लाकडाला तेल पाजावं तसा. स्वतःही एका जागी थांबली नाही. हात भरून आले.

"माझ्याकडे काय बघताय? घड्याळाकडे बघा."

"घड्याळ... चालू आहे."

शनिवारी थोरल्या विश्वस्तांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. वेलीवरचा पक्षी, त्याचं पीस न् पीस! "हे... आपल्याकडे होतं?"

भिंत राहिली! तिचे बाबा बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. तिला तर चर्चची घंटा बडवावीशी वाटली.

तो मात्र रेंगाळला. "हा फोटो तुमच्यामुळे झाला, आणि त्यात तुम्हीच नाही. एक काच उरलीय... थांबाल?"

"बारा मिनिटं? मी जेवतानासुद्धा दोनदा उठते!"

"मी शेजारी बसतो."

आरसा खिडकीत टेकवून त्याने काच उघडली, आणि भिंतीसमोर दोघं बसली. वेळ संपल्यावर उठायचं त्याच्याच जिवावर आलं.

काच धुतली. दोन्ही चेहरे लख्ख. तिच्या मांडीवर मात्र एका हाताची पुसट छाया, आणि तोच हात त्याच्या हातात, स्पष्ट.

"हललीस!" तो म्हणाला. आणि आपण अगंतुगं केलं, हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला.

"एकदाच हलवला," ती हसली. "परत कुठे घेतला?"