पाचवी डबी

बस गं तृप्ती, आधी चहा घे. डब्या पिशवीतच राहू दे जरा वेळ. थंडी वाजत असेल तर शाल देते, पण खिडक्या मी लावणार नाही. अब्बास रोज ओरडतात, निफाडची थंडी आणि ही बाई दार सताड टाकते उघडं. ओरडू देत. तुझं बाळ सासूजवळ आहे ना? बरं झालं, आणलं नाहीस.

रिदाला पंधरा दिवस झाले खोकला आहे. सहा वर्षांची पोर, दिवेलागणीला अंग तापतं, ताटात अन्न तसंच राहतं. तिची थुंकी तपासायला द्यायचीय. मी बारा वर्षं आशाचं काम करते, दुसऱ्यांच्या दारात जाऊन टीबीच्या डब्या वाटते, आणि आपल्या पोरीची एक डबी माझ्याच्यानं भरवत नाही. भीती वाटते मला. कशाची, ते ऐक आणि मग हात लाव पिशवीला.

तू नवी आलीस तेव्हा मीच शिकवलं ना तुला? मजूर लोक घरातली माणसं खरी सांगत नाहीत, म्हणून दारातल्या पालथ्या ताटल्या मोजायच्या. माणूस खोटं बोलतं, ताटली बोलत नाही. मोठ्या ऐटीत सांगायचे मी. पण ती अक्कल मला कुठून आली, ते नव्हतं सांगितलं.

गेल्या वर्षी द्राक्षतोडणीला एक टोळी आली होती, बागेच्या टोकाला ती पत्र्याची खोली आहे ना, तिथं. दारात उभं राहून विचारलं, किती जण? म्हणाले, चार. आत अंधारात कोणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग एक लांब श्वास, फाटक्या भात्यासारखा. मी ऐकलं, तृप्ती. नाही ऐकलं असं म्हणणार नाही. पण अजून बरीच घरं राहिली होती, ऊन चढलं होतं. चार लिहिले आणि निघाले. पाचवी बाई गोधडीखाली लपवलेली होती. आजारी माणूस दिसलं तर मुकादम सगळ्या टोळीला हाकलेल, ही त्यांची भीती. फाल्गुनात ती त्याच खोलीत वारली. तिचं नावसुद्धा मला कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून मी ताटल्या मोजायला लागले.

यंदा त्या खोलीत सुरगाण्याकडचं नवं कुटुंब आलं. रावजी, त्यांची बायको धोंडाबाई, मुलगा ललित, सून आणि सुनेचं आठ महिन्यांचं बाळ. टीबीच्या तपासणीसाठी मी सकाळी गेले तर खिडकीत खताची गोणी कोंबलेली. आत चुलीचा धूर, बागेतल्या गंधकाचा वास, आणि त्याच्या खाली आणखी एक वास, तापानं फणफणलेल्या माणसाच्या अंथरुणाचा. बाळाची छाती घरघरत होती.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, टीबी ताटलीनं होत नाही, कपड्यानं होत नाही, हवेनं होतो. एक जण खोकला की जंतू हवेत तरंगत राहतात. खोकणारा उठून गेला तरी कोंदट खोलीत तासन्‌तास तिथंच. आणि तुम्ही खिडकी बुजवता? लेकरू आहे ना घरात?"

"थंडी लय हाय ताई," रावजी एवढंच म्हणाले.

"किती जण जेवता?"

"चार. लेकरू अंगावर पितंय."

मी दाराबाहेर पाहिलं. धुणं धुवायच्या दगडावर पाच ताटल्या पालथ्या. ओल्या. सापडले की नाही माझ्या तावडीत! चांगलं फैलावर घेतलं सगळ्यांना. "गेल्या साली अशीच लपवालपवी केली आणि एक बाई इथंच मेली. पाचवी कोणाची?"

सुनेनं बाळ पदराखाली ओढलं. मग धोंडाबाई अगदी हळू बोलल्या, "ताई… तिला नका मोजू. जेवाया ठेवलं का ती कोपऱ्यात ऱ्हाते… लेकराकडं येत नाय."

मला वाटलं, असेल कोणी नणंद, नाहीतर नवऱ्यानं टाकलेली बहीण. म्हटलं, "मोजणार! नाव सांगा."

"सुला. ती म्हणते… सुला."

मी लिहिलं. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून माझा नंबर टाकला. तोडणी संपली की या लोकांचा पत्ता राहत नाही, म्हणून पत्ताही माझ्याच घराचा. आपण सगळ्याच करतो हे, पेशंट हरवू नये म्हणून. तूही करतेस. मग कोपऱ्याकडे तोंड करून म्हटलं, "बाई, घाबरू नका. सकाळी चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि या डबीत खोकायचं. मी येते न्यायला."

कोपऱ्यात नुसतं एक पोतं पडलं होतं. आणि त्या पोत्याच्या बाजूनं आवाज आला… दोनदा कोरडा. मग लांब श्वास. पोत्यामागे कोणी असेल, असं मी मनाला बजावलं आणि तिथून पाय काढला.

दुसऱ्या दिवशी गेले तर दगडावर पाच डब्या, झाकणं घट्ट लावलेली. पहाटे एवढा गारठा होता की बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. चार डब्या बर्फासारख्या लागल्या हाताला. पाचवी गरम होती. आत्ताच कोणी मुठीतून खाली ठेवावी, तशी.

चौघांचे रिपोर्ट चांगले आले. पाचवीबद्दल लॅबमधला माणूस म्हणाला, ताई, एवढे जंतू मी कधी पाहिले नाहीत, हा माणूस अजून चालतोफिरतो कसा? मी टीबीच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि सुटले बागेकडे. जाऊन बघते तर खिडकीतली गोणी काढलेली. खोलीभर ऊन. बाळ गोधडीवर पाय झाडत खदखदा हसतंय, छाती मोकळी. दगडावर चारच ताटल्या.

"ती कुठाय?" मी ओरडले.

धोंडाबाई माझ्या पायाशी वाकल्या. "गेली ताई. तुमी तिचं नाव लिवलं, घर लिवलं. तुमच्या संगंच गेली."

रागानं काय काय बोलले मी त्यांना. त्याच दिवशी घरी येऊन तीन ताटल्या घासल्या, दारात पालथ्या घातल्या. मी, अब्बास, रिदा. सकाळी बघते तर चार.

चौथी भंगारवाल्याला दिली. परत चार. अब्बास म्हणतात, तुझा हिशेब चुकतोय. तिकडे दवाखान्यातून पेशंट सापडली का म्हणून विचारायला रोज फोन यायचे, मी फोनच बंद करून टाकला. तौबा तौबा, आता घाससुद्धा ठेवते मी मोरीशेजारच्या कोपऱ्यात. शेजारी गोळ्याही ठेवल्या, त्यांना ती हात लावत नाही. माफी मागितली. म्हटलं, बाई, गेल्या साली त्या दिवशी चूक माझी झाली, माझं काय करायचं ते कर, पण पोरीला सोड. पण रिदा खोकायला लागली. आणि खरं सांगू? रिदा खोकून थांबते ना, तोंड मिटून माझ्याकडे बघते… तरी खोकला चालूच असतो. या अल्लाह, माझी एकच लेक आहे गं.

म्हणून सांगते, तीनच डब्या काढ. तीन.

चार का काढल्यास?

दारातच नावं लिहिलीस? ताटल्या मोजून? मीच शिकवलं होतं तुला, हो… मीच शिकवलं. आणि चौथीचं नाव कोणी सांगितलं? रिदानं? पायरीवर बसली होती ती. काय म्हणाली?

फेक ती डबी, तृप्ती. पुसून टाक आधी नाव. आण इकडे. हा नंबर कोणाचा? माझा फोन बंद म्हणून… तुझा टाकलास? आणि सवयीनं पत्ताही तुझाच?

थांब. बोलू नकोस जरा.

ऐकतेस? आत काहीच आवाज नाही. रिदा झोपलीय. नुसती झोपलीय, शांत. पंधरा दिवसांत पहिल्यांदा…

नाही गं. काही नाही. पुसू नकोस, राहू दे. लिहिलंस ते बरोबर आहे. चहा निवतोय तुझा, पी आणि नीघ, अंधार पडायच्या आत पोहोच.

हात का चोळतेस? गरम लागली का डबी?

तृप्ती… तुझं बाळ आता किती महिन्यांचं झालं गं?