शिल्लक रजा

आमच्या नगरपालिकेत एक जुनी पद्धत होती. माणूस आजारपणाच्या रजेवर असताना गेला, तर पगारपत्रकातून त्याचं नाव त्याच दिवशी निघायचं, पण रजेचं कार्ड कपाटात राहायचं. शिल्लक रजा संपेपर्यंत त्यावर आम्ही रोज एक लाल टिक करायचो. नियमात हे कुठेच नव्हतं. माझ्या आधीच्या हेडक्लार्कबाई म्हणायच्या, "कमावलेली रजा आहे, भोगू दे की." मीही तेच चालू ठेवलं.

मग नवे साहेब आले आणि रजेचे नियम बदलले. साठवलेली आजारपणाची रजा एक तारखेपासून रद्द. वर्षाला बारा दिवस, घ्या नाहीतर सोडा. ज्याला जन्मात साधा ताप आला नाही, तोच असले नियम करतो.

"कपाटातली सगळी कार्डं शून्य करा, बाई."

"त्यात दोन गेलेल्यांची आहेत, साहेब."

"मग तर सोपंच झालं."

एक झाडूवाल्या मावशींचं. चाळीस दिवस शिल्लक. दुसरं माझ्या सख्ख्या दादाचं. दादा मागच्या आवारातल्या पंपघरात पंपचालक होता. बत्तीस वर्षांत कधी आजारी पडला नाही, आणि पडला तो सहाव्या दिवशी गेला. तीनच महिने झाले होते. जन्मभर राबलेला माणूस आता कुठे निजला होता. त्याचं कार्ड मी ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि मावशींच्या कार्डावर शून्य लिहिलं.

एक तारखेला सकाळी मस्टर उघडलं. शेवटच्या नावाखाली एक अंगठा उमटला होता आणि शाई ओली होती. आवार झाडून लख्ख होतं. शिपाई म्हणाला, "मी खराट्याला हातसुद्धा लावला नाही, मॅडम." माझा भुताखेतांवर विश्वास नाही, कागदावर आहे. जुनं मस्टर काढून ठसा मावशींच्या अंगठ्याशी ताडून पाहिला. मधोमध तीच आडवी चीर होती.

रजा संपली की दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावं लागतं. मावशींची रजा मीच संपवली होती. मला स्वतःची लाज वाटली.

सहकाऱ्याला आपली रजा देता येते, हे कलम साहेबांच्या नजरेतून सुटलं होतं. रद्द झाली होती ती फक्त आजारपणाची रजा; माझ्या साठलेल्या अर्जित रजेतले चाळीस दिवस मी मावशींच्या नावावर केले. दुसऱ्या दिवशी मस्टरवर अंगठा नव्हता. आवारात पाचोळा पडला होता.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या ड्रॉवरमधून दादाचं कार्ड काढलं आणि स्वतःच्या हाताने शून्य लिहिलं.

"भावनेवर ऑफिस चालत नाही, बाई."

"मग कशावर चालतं? राबणाऱ्यांच्याच जिवावर ना?"

ते कार्ड टेबलावर टाकून केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या सकाळी मस्टरवर दादाची सही होती. मी तडक पंपघराकडे गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत पंप चालू होता. शिपायाने कुलूप काढलं आणि तो बाहेरच थांबला. आत कुणी नव्हतं. तेलाचा वास होता. मी स्टुलावर हात ठेवला, तर ते गरम लागलं.

मग खोकला ऐकू आला. शेवटच्या सहा दिवसांतला तो ओला खोकला.

आजारी माणसाला कामावर आणलं होतं.

मला भीती वाटली नाही. संताप आला.

"दादा, घरी जा."

खोकला थांबला. पंप थांबला नाही.

अर्ज दिल्याशिवाय दादाने कधी पंप सोडला नव्हता. मी छापील अर्ज आणला. माझी उरलेली सगळी रजा त्याच्या नावावर केली. अर्ज आणि पेन स्टुलावर ठेवून दार ओढून घेतलं.

दुपारी पंप बंद झाला.

अर्ज भरलेला होता. तेच तिरकं अक्षर. कारण: विश्रांती.

मंजुरीचा अधिकार साहेबांचा. गेला खड्ड्यात. मी 'मंजूर' लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

मग खालचा रकाना वाचला. रजेच्या काळातला पत्ता.

मी सही खोडली नाही.

पत्ता माझ्या घराचा होता, मजल्यासकट. त्या घरात मी गेल्याच महिन्यात राहायला गेले. ऑफिसात तो पत्ता अजून कुणालाही दिलेला नाही.