साडेतीस मिनिटांचे विमान

सालवडच्या वळणावर शेअर रिक्षा खड्ड्यात आदळली आणि शेजारच्या तरुणाच्या मांडीवरील पेटीतून स्टीलचे एक वजन निसटून माझ्या चपलेपाशी येऊन थांबले. बाहेर श्रावणातली उन्हात पडणारी सर होती. तो उचलायला वाकला...

"बोटांनी नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "हाताच्या घामानं वजन वाढतं."

तो थबकला. "किती?"

"ते तुम्हाला किती घाम सुटलाय, त्यावर अवलंबून."

"आत्ता... बराच," तो म्हणाला आणि त्याने वजन रुमालाने उचलले.

त्याचे नाव भाग्येश. प्रयोगशाळांतील वजनकाटे तपासणे हे त्याचे काम. त्या दिवशीचा काटा बोईसरमधील आमच्या कारखान्याचा होता, जिथे मी रसायनतज्ज्ञ होते. याला योगायोग म्हणणे मला जड जाते. त्या वेळी तिकडे जाणाऱ्या रिक्षा दोनच असत.

काटा तपासून त्याने लेबल चिकटवले. पुढील तपासणी वर्षाने व्हायला हवी होती. त्याने तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली. चूक मला दिसली. मी ती दुरुस्त केली नाही — नोकरीत जाणूनबुजून सोडलेली माझी ती एकमेव चूक.

तो दर तीन महिन्यांनी येत राहिला. काचेची भांडी धुणाऱ्या नर्मदामावशी एकदा म्हणाल्या, "मेघाली, काटा तं बरा हाय गो. आजारी दुसरंच कोन तरी हाय!"

वर्षभराने त्याची बदली लातूरला झाली. निरोप घ्यायला तो माझ्या गावी, एडवणला आला. आमच्या वाडीमागच्या किनाऱ्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"इथल्या समुद्रात विमानतळ होणार म्हणतात. तिथून लातूरचा विमानतळ चारशे सात किलोमीटर. साडेतीस मिनिटं फक्त!"

"इथला विमानतळ झाला आहे?"

"अजून... नाही."

"लातूरला प्रवासी विमान उतरतं?"

"सध्या तरी नाही." त्याने मोबाइल खिशात ठेवला. "मेघाली, तुम्ही थांबाल माझ्यासाठी?"

"नसलेल्या विमानाच्या भरवशावर?" मी आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा कोरडा ठेवला. "प्रत्यक्ष मोजलेला आकडा आणा. मग सांगते."

लेबलावरच्या तारखेला दुसरा तपासनीस यायचा होता. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी भाग्येश उभा होता — चुरगळलेल्या शर्टात, पेटीशिवाय.

"बारा तास चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "दोन बस, एक रेल्वेगाडी, एक रिक्षा."

"एका रीडिंगवरून निष्कर्ष काढता येत नाही."

"किती लागतात?"

"निदान पाच."

तो पाच वेळा आला. तेरा तास पाच मिनिटे, बारा पंचवीस. एकदा पुलावर पाणी आल्यामुळे अठरा. पाचव्या वेळी मावशींनी खिडकीतूनच हाक दिली, "आला गो तुजा काटेवाला!"

फाटकाशी त्याने विचारले, "आता सरासरी काढायची?"

"नाही. अजून एक रीडिंग हवं... उलट दिशेनं." मी त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली. "लातूरच्या स्टँडवर थांब. मी येते."

त्याला बरीच वर्षे झाली. पहिल्या पाच प्रवासांच्या नोंदी आमच्या लातूरच्या घरात, जुन्या वहीत, त्या चुकीच्या लेबलाशेजारी आहेत. सहावी ओळ कोरी आहे. भाग्येश अजूनही विचारतो, पण मला खरेच सांगता येत नाही — त्या दिवशी घड्याळ पाहायचे राहूनच गेले.