उसनं नाक

“खोकला होता तसाच आहे हो,” गल्ल्याशी वाकून एक तरुण सुतार कुजबुजला, “पोटाचं मात्र… काही विचारू नका!”

गल्ल्यावरच्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. अडुळशाच्या जागी सोनामुखी! खोकल्याच्या माणसाला जुलाबाचं चूर्ण! दोन्ही हिरवट, डबेही एकसारखे. ‘नाक शाबूत असताना चिठ्ठ्या कशाला?’ असं म्हणत तिच्या वडिलांनी जडीबुटीच्या या दुकानातल्या एकाही डब्यावर नाव लिहिलं नव्हतं. आणि मागच्या तापापासून तिचं नाकच रुसून बसलेलं.

“बाबांना सांगू नका ना,” तिचे डोळे भरून आले. “मला वासच येत नाही… कळलं तर ते मला पुन्हा या डब्यांना हात लावू द्यायचे नाहीत.”

तो चांगला भांडायला आला होता. पण ते डोळे बघून सगळं विसरला. “मग माझं नाक घ्या की उसनं,” तो म्हणाला. “एरवी रिकामंच असतं.”

तेव्हापासून बाबा जेवायला गेले की तो येऊ लागला. ती डबा उघडायची, तो डोळे मिटून वास घ्यायचा. पुदिना? “दुखऱ्या कपाळावर कुणीतरी गार हात ठेवलाय…” ओवा? “पोट दुखतंय, आणि आई शेकायला बसलीये.” गवती चहाच्या वेळी तर तो इतका वेळ वास घेत राहिला, की ती त्याच्या पापण्यांवरचा लाकडाचा भुसा बघत राहिली. फार गोड दुपारी होत्या त्या.

आणि एके दिवशी सुंठीचा डबा उघडताच तिचं नाक झणझणलं! वास आला! ती आनंदाने उडणार, एवढ्यात काळजात धस्स झालं. आता तो कशाला येईल?

तिने मिठाची गुळणी धरली.

“आज काही येतोय का वास?” बऱ्याच दिवसांनी एका दुपारी त्याने विचारलं.

“अं… नाही.”

“बरं. डोळे मिटा. हा पुदिना.”

“पुदिना कसला? ओवा आहे तो!”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. तो मिश्कील हसत होता.

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस… सांगितलं असतं तर तुम्ही आला असता?”

“माझा खोकला कधीच गेलाय,” तो हळूच म्हणाला, “तरी येतोच आहे ना?”

रस्त्यापलीकडून बाबा येताना दिसले. तो गडबडला. “त्यांना… नाकाचं सांगायचं?”

“नाक बरं झालं. तुमचं सांगते,” ती म्हणाली, आणि दारात जाऊन तिने हाक मारली, “बाबा, जरा लवकर या ना!”