गुडगावची भरती

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, एका रविवारी दुपारी, आम्ही तिघं मयूर विहारहून गुडगावच्या पुढे समुद्रकिनारा बघायला गेलो. हसू नका, जाहिरातच तशी होती. एका बिल्डरला भूमध्य समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचं पांढरंशुभ्र गाव आवडलं, आणि त्याने अरवलीच्या उतारावर, बाजरीच्या रानात, तसंच्या तसं गाव उभं करायला घेतलं. त्यातली एक नमुना गल्ली तयार झाली होती.

मी सरकारी खात्यात सिव्हिल इंजिनियर. असल्या जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण माझी बायको विजया वेंगुर्ल्याची. चौदा वर्षं दिल्लीत काढूनही तिचा जीव इथे रमला नव्हता. त्या वर्षी तर कुकर लावून खिडकीशी उभी राहायची, ती शिट्ट्या होऊन गेल्या तरी हलायची नाही. ही एक दिवस मला सोडून निघून जाईल, अशी धास्ती मी घेतली होती. म्हणून तिने ती जाहिरात कापून ठेवली तेव्हा मुकाट्याने गाडी काढली.

गल्ली सुरेख होती, हे कबूल केलं पाहिजे. दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेली घरं, निळी दारं, मधून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी कमरेएवढा कठडा. पलीकडे कापलेल्या बाजरीचे खुंट.

"सर, बस, समंदर इमॅजिन कर लीजिए," टाय लावलेला सेल्समन नीरज म्हणाला.

मी सवयीप्रमाणे घरांच्या मागे जाऊन आलो. सगळ्या नुसत्या दर्शनी भिंती, मागून बांबूंचे टेकू. खरं बांधलेलं घर एकच, अगदी वरचं. तिथे नीरजचं ऑफिस होतं.

खालच्या भिंतींना गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. चुना फुगून त्याचे पापुद्रे सुटत होते. नव्या बांधकामाला इतक्या लवकर?

"बोअरचं पाणी खारं असणार," मी म्हणालो.

विजयाने भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावलं. "बोअरचं नाही हो हे," ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी हसली. मला बरं वाटायला हवं होतं, पण चैन पडेना.

ती कठड्यावर बसून राहिली. नऊ वर्षांची आमची तनया दारं उघडत-मिटत हिंडू लागली. मी वर ऑफिसात नकाशा बघत होतो, तेव्हा खिडकीतून मासळीचा वास आला. नीरजने खिडकी लावून घेतली.

"सर, मॅडम को ऊपर बुला लीजिए. चार के बाद हम किसी को नीचे बैठने नहीं देते."

"क्यों?"

"बस, ऐसे ही." तो घड्याळाकडे बघत होता. चारला पाच मिनिटं कमी होती.

मी बाहेर आलो. मधल्या एका घराचं निळं दार उघडलं आणि तनया आतून आली. धावत पायऱ्या चढून माझ्याजवळ आली.

"बाबा, आईला काय झालंय?"

"का गं?"

"त्या घरातली आजी म्हणाली, तू वर जा, आता भरती होणार. आईला भर्ती करणार? कोणत्या हॉस्पिटलमध्ये?"

दिल्लीत वाढलेली पोर. तिला हॉस्पिटलातली भरती तेवढी ठाऊक. क्षणभर मीही तसंच समजलो.

"आजी हिंदीत बोलली?"

"नाही. वेंगुर्ल्याचे मामा बोलतात ना, तशी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वरच थांबवून मी खाली धावलो. जाताना ते दार ढकललं. मागे बांबू आणि ऊन.

लोणा आता माझ्या छातीपर्यंत होता. चुना ओला होता.

पायऱ्या कोरड्या होत्या. तरी पाय उचलेनात. ढकलत ढकलत पुढे न्यावे लागत होते.

विजया कठड्यावर नव्हती.

ती पलीकडे बाजरीच्या खुंटांत होती, पाठमोरी. निऱ्या भिजू नयेत म्हणून वर धरलेल्या.

"विजया," मी म्हणालो. "परत ये. तू म्हणशील तिथे राहू. पण ये."

ती वळली. लगेच, शहाण्यासारखी आली. साडी कोरडी होती. हात गार होता, पण तो तिचा नेहमीच असतो. मला रडू आलं. मिळाली एकदाची, एवढंच मनात होतं.

परतताना ती मागच्या सीटवर तनयाशेजारी बसली. महिपालपूर येईपर्यंत तनया सरकत सरकत दाराला चिकटली होती. ती हिंदी बोलते ते बाहेरच्यांशी. आईशी तिने आजवर हिंदीचा एक शब्द काढलेला नाही.

"आंटी," तिने अदबीने विचारलं, "आपको कहाँ उतरना है?"

मी आरशात पाहिलं. विजया रागावली नाही, हसलीही नाही. तिने हिंदीतच आमचा पत्ता सांगितला. पॉकेट, फ्लॅट, मजला, सगळं बरोबर, पाठ करून ठेवल्यासारखं.