उघड्या टपाची गाडी

पत्ता बरोबर होता, पण गाडीचा मालक काही दिसेना. दिसत होता तो एक ओलाचिंब तरुण. निळ्या, उघड्या टपाच्या गाडीत अर्धा वाकून तो स्पंजने पाणी टिपत होता आणि बादलीत पिळत होता. पाऊस बारीक भुरभुरत होता. तिने छत्री सावरत विचारलं, गाडीचे मालक घरात आहेत का?

तो ताठ उभा राहिला. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "मालकीण ही. मी हिच्या नोकरीत आहे."

तिला हसू आलं... आणि ती हसायला मुळीच आली नव्हती. ती आली होती खोट काढायला.

आईवडिलांमागे तिला आत्याने वाढवलं होतं. आत्या इस्पितळात मेट्रन. उभा जन्म वॉर्डातल्या औषधांच्या वासात गेलेला. नुकतीच निवृत्त झाली, फंडाचे पैसे हातात आले, आणि एका सकाळी जाहिरात वाचून तिने जाहीर केलं, की आपण ही गाडी घेणार. हौसेला मोल नसतं, म्हणे! भाची चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर भिंगं बदलणाऱ्या तिला घरच्या माणसाला मात्र काही दाखवता येईना. म्हणून आत्या गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशीच ती गुपचूप इथे येऊन थडकली होती.

पण खोट काढायची वेळच आली नाही. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि नद्यांचे उगम सांगावेत तसं त्याने गाडीचं एकेक दुखणं उगमापासून सांगितलं. टपाच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्यात पाला अडकतो, मग पाणी गालिच्याखाली उतरतं. तिथेच गाडीचा मेंदू — एक छोटी पेटी — बसवलेली. ती भिजली, की काचा मनाला येईल तेव्हा खाली येतात. टप उघडमीट करणारा पंप तेल गाळतो. नवा घ्यायचा, तर तेवढ्यात एक स्कूटर येईल. आणि चाकांवरच्या हवेच्या उशा? त्यांतली हवा गळून गाडी रात्रीतून एका अंगावर बसते, म्हशीसारखी. त्या बदलायच्या म्हणजे आणखी दोन स्कूटर.

"गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते," तो म्हणाला, "तिच्या भागांची नाही उतरत. मी स्वस्तात मस्त म्हणून घेतली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"सर, तुम्हाला गाडी विकायची आहे ना?"

"विकायचीच आहे. खोटं बोलून नाही विकायची. आणि तुम्हाला तर..." तो अडखळला.

"मला तर काय?"

"तुम्हाला नाहीच विकणार. महिन्याभरात तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल. ते मला सोसणार नाही."

तिने नजर चटकन बादलीकडे वळवली. गाल मात्र तापले — पावसात उभी असूनसुद्धा. मग तिने खरं काय ते सांगितलं, आणि त्याच्याकडून शब्द घेतला. आत्याला हे सगळं असंच सांगायचं, आणि काही झालं तरी गाडी विकायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने शब्द पाळला. रोग्याची तक्रार ऐकावी तशी आत्याने सगळी रडकथा शांतपणे ऐकली, आणि म्हणाली, एक चक्कर तर मारू. भाची मागे बसली. समोरच्या आरशात त्याचे डोळे अधूनमधून तिच्यावर यायचे आणि पकडले गेल्यासारखे रस्त्यावर पळायचे. परतताना पावसाची सर आली आणि टप अर्ध्यावर येऊन अडकला. तिघंही नखशिखान्त भिजली. आत्या घरी येऊन केस पुसत फक्त एवढंच म्हणाली, बघू.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोनवर त्याचा गाडीच्या तब्येतीचा निरोप येऊ लागला. आज पेशंट उठून बसला. आज बॅटरीने मान टाकली. ती दुकानात काउंटरमागे वाचून एकटीच हसायची. आणि मग अचानक निरोप बंद झाले. एक दिवस गेला, दोन गेले... आपण होऊन विचारायचं तिच्या जिवावर आलं.

रविवारी ती दुकानातून परतली, तर दारात निळी गाडी.

म्हणजे आत्याने ती घेतलीच! आत्याचे पैसे गेले, हे तर होतंच. पण त्याहून जास्त टोचलं ते हे, की त्याने शब्द मोडला. ती तरातरा आत गेली. तो खुर्चीत बसला होता. आत्याचे केस वाऱ्याने पिंजारलेले, चेहरा उजळलेला.

"किती दिलेस?" तिने आत्याला विचारलं.

"पेट्रोलचे ना? अजून घेत नाहीयेत ते."

"आणि गाडीचे?"

"गाडी कोण विकतंय? तीनदा जाऊन आले मी. हे मास्तर हलायला तयार नाहीत. शेवटी माझ्याच लक्षात आलं, मला गाडी कुठे हवी होती गं... मला वारा हवा होता. म्हटलं, दर रविवारी फिरवून आणा, पेट्रोल माझं."

ती मटकन सोफ्यावर बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा आत्या चहा टाकते म्हणून शहाण्यासारखी आत निघून गेली.

तो हळूच म्हणाला, की आत्यांनी, मी इथे येते हे भाचीला कळवू नका, असा दम भरला होता. निरोप पाठवायला बसलं, की सगळं सांगून टाकावंसं वाटायचं. म्हणून निरोपच बंद केले. पंप नवा न घेता एका जुन्या कारागिराकडून दुरुस्त करून घेतला, फार खर्च आला नाही. आज टप मिटला, तेव्हा आत्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग तो बोटांशी चाळा करत राहिला.

"गिऱ्हाईक आलं होतं," तो म्हणाला. "सगळं ऐकूनही पूर्ण पैसे देत होतं. मी नाही म्हटलं."

"का?"

"गाडी गेली असती, तर... तुमच्या दारात यायला माझ्याकडे काय कारण उरलं असतं?"

आतून कपबशांचा आवाज आला आणि थांबला. ती उठली, खिडकीपाशी गेली. दारातल्या निळ्या गाडीकडे बघत राहिली — खरं तर त्याच्याकडे बघायला धीर व्हावा म्हणून. मग वळली.

"उद्या संध्याकाळी या," ती म्हणाली. "गाडी घरी ठेवून या. बसने."