बदली भिडू

आधीच सांगतो, मी गोष्टी रचणारा माणूस नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना ‘आता नीट दिसतंय का?’ एवढंच विचारतो. त्यामुळे हे खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा, मी भांडायला येणार नाही. पण ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत, आणि ज्या घरात घडलं त्या घरी मी दर आठवड्याला जातो.

आणि हो, रात्रबित्र काही नाही. भर दुपारची गोष्ट आहे. चौथा मजला, खिडक्या सताड उघड्या, खाली रस्त्यावर गाड्यांची कटकट. मला विचाराल तर तेच जास्त वाईट. रात्रीची भीती निदान सकाळी जाते तरी.

तर आमचे भाऊजी लिफ्ट मेकॅनिक. मशीनरूमच्या लोखंडी शिडीवरून पाय निसटला आणि नडगीचे दोन तुकडे झाले. ऑपरेशन, आत पट्टी, वर प्लास्टर आणि महिनोन्महिने सक्तीची विश्रांती. सुट्टीच्या दिवशीही घरी न टिकणारा हा माणूस! पहिल्या आठवड्यात त्यांनी कुबड्या सांभाळत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ उघडलं आणि कायमचं बंद पाडलं.

ताई लॅबमध्ये काम करते. सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. त्यांची मुलगी चिमणी, पाच वर्षांची. तिला दुपारी शेजारीण बालवाडीतून आणून सोडते. मग ती जेवते आणि आतल्या खोलीत झोपते. एकंदरीत दुपारभर भाऊजी एकटेच.

शेवटी ताईच वैतागली. “अहो, त्यापेक्षा तुमचे ते कॉम्प्युटरवरचे खेळ खेळा ना. लग्नाआधी म्हणे जेवणखाण विसरून खेळायचात.”

“आता कुठे गं. बोटं गंजली.”

“पाय मोडलाय तुमचा, बोटं नाही.”

झालं. चिमणीच्या खोलीशेजारी एक चिंचोळी खोली आहे, इस्त्रीची आणि अडगळीची. तिथे टेबलावर कॉम्प्युटर लागला. भाऊजींनी जुना खेळ शोधून काढला, तोच, ज्याच्यापायी एके काळी त्यांनी मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पहिल्या दिवशी नुसती फजिती. शत्रू यायच्या आधीच हे खड्ड्यात. पण दोनचार दिवसांत बोटांना आपोआप आठवायला लागलं. ताई सांगते, किती वर्षांनी ते घरात शीळ घालत होते. तिला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

खेळ सोपा आहे. दोघांनी मिळून एक दार राखायचं. एकाने बटण दाबून हँडल धरून ठेवायचं, बाहेरून धक्का बसला की माऊसने सावरायचं, दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या. हँडल सुटलं की दार उघडलं, दोघंही मेले. म्हणून भिडू पक्का हवा.

भाऊजींचा पक्का भिडू होता बोका.

दोघं एकाच कंपनीत, एकाच भाड्याच्या खोलीत. बोक्याला दमा होता. छातीत कायम घरघर, मांजर गुरगुरल्यासारखी, म्हणून नाव बोका. मनाने सोन्यासारखा, पण खेळायला बसला की उठायचं नाव नाही. ‘हा शेवटचा डाव’ असं म्हणत पहाट करायचा. एके दिवशी असाच खेळताना दम लागला आणि गेला. भाऊजी शेजारीच होते. दवाखान्यापर्यंत त्यांनीच नेला, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर त्यांनी खेळाला हात लावला नाही, तो थेट आता.

इतक्या वर्षांनी तो खेळ कोण खेळणार? पडद्यावरची भिडूंची खोली रोज रिकामीच असायची. भाऊजी एकटेच सराव करायचे.

मग एका दुपारी पडद्यावर खाली एक नाव उमटलं...

बोका.

भाऊजींचा हात थांबला. पण ते मेकॅनिक आहेत, आधी कारण शोधतात. बोक्याचा कॉम्प्युटर त्याच्या भावाने विकला असणार. पासवर्ड त्यातच राहिला असेल. कुणीतरी आयतं खातं वापरतंय. बस्स.

डाव सुरू झाला. आणि काय खेळला तो! दाराच्या डाव्या अंगाला दबा धरायची सवय, गोळी झाडून लगेच खाली बसायची सवय... सगळं तेच. भाऊजींना हसूच आलं. हेडफोनमध्ये बारीक घरघर येत होती. पंख्याची असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

“आवाज येतोय का हो? कुठून बोलताय?”

उत्तर नाही.

नुसती घरघर.

असे बरेच दिवस गेले. खरं सांगायचं तर भाऊजींना मजा येत होती. नंतर त्यांनी माझ्यापाशी कबूल केलं, “अरे, मला काय कळत नव्हतं? पण भिडू मिळाला होता रे. विचारून घालवायचा कशाला?”

इथपर्यंत ठीक होतं. घोळ झाला तो पुढे.

मशीनरूममध्ये एक नियम असतो. ब्रेक धरून उभा असलेला माणूस जागा सोडताना आधी बदली मागतो. बदली माणूस येऊन हात लावतो, ‘सुटलास’ म्हणतो, मगच पहिला हलतो. आणि एकदा बदली घेतली की ती जागा त्याची. भाऊजींनी वीस वर्षं हेच केलं. झोपेतही तोंडातून तेच निघेल.

त्या दिवशी हँडल भाऊजींकडे होतं. डाव रंगात आलेला, आणि त्यांना बाथरूमला जाऊन येणं भाग पडलं. कुबड्यांवर जायचं म्हणजे वेळ लागणार. तेवढ्यात चिमणी डोळे चोळत दारात आली.

“चिमणे, इकडे ये. हे बटण दाबून धर. बोट उचलायचं नाही हं.”

तिला खुर्चीत बसवली, डोक्यावर हेडफोन अडकवला. आणि सवयीने, अगदी सवयीने, माइकमध्ये म्हणाले, “बदली देतोय रे. माझी मुलगी आहे. सांभाळ.”

हेडफोनमधून पहिल्यांदाच शब्द आला. खोलीत ऐकू येईल इतका स्पष्ट...

“चालेल.”

भाऊजी परत आले तेव्हा चिमणी मान हलवत बोलत होती. “हो... हो... येईन ना.”

“कुणाशी बोलतेस?”

“काकांशी. बाबा, तू नसलास की मी यायचं, असं म्हणाले.”

भाऊजींनी खाली पाहिलं. जाताना कुबडीत वायर अडकली असावी. हेडफोनची पिन निघून फरशीवर पडली होती.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. ताईला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खेळायला बसले नाहीत. हॉलमध्ये सोफ्यावर पडून राहिले. घर शांत. फ्रिज तेवढा घुरघुरत होता.

मग फ्रिज खट्कन बंद झाला.

पण घुरघुर चालूच राहिली...

भाऊजी कुबड्या न घेताच निघाले, भिंत धरत, एका पायावर. चिमणीचा पलंग रिकामा. ती चिंचोळ्या खोलीत खुर्चीवर बसली होती. पडदा काळा, कॉम्प्युटर बंद. तिचं बोट बटणावर होतं, इतकं घट्ट की नख पांढरं पडलेलं. डोळे उघडे. ओठ निळसर. आणि घरघर तिच्या छातीतून येत होती.

“चिमणे! सोड ते!”

बोट सुटेना. पाच वर्षांच्या पोरीचं बोट, आणि लिफ्टचे दोर ओढणाऱ्या माणसाला हलवेना!

भाऊजी रडकुंडीला आले. काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी आपलं बोट तिच्या बोटाशेजारी त्याच बटणावर ठेवलं आणि म्हणाले, “मी आलो. सुटलीस तू.”

बोट अलगद उचललं गेलं. घरघर थांबली. चिमणी त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली, काही झालंच नाही अशी.

संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं. छाती एकदम साफ. ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणाले, आणि वर भाऊजींनाच झोपेची गोळी लिहून दिली!

आता मात्र ताईला सगळं सांगावं लागलं. ती आधी चिडली, मग रडली, मग कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला आणि सुट्टी काढून घरी बसली. दुसऱ्या दुपारी मुलीशेजारीच पडून होती. डोळा लागला नव्हता, शपथेवर सांगते ती. नुसती कूस बदलली. परत वळली तर...

जागा रिकामी.

चिमणी त्याच खुर्चीत. समोर मोकळं टेबल. लाकडावर बोट दाबून बसलेली. या वेळी श्वास असा ओढत होती की गळ्याशी खळगा पडत होता.

भाऊजींनी पुन्हा बोट टेकवलं तेव्हा कुठे ती सुटली.

त्याच संध्याकाळी ताईने स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर खाली काढला. तेव्हापासून भाऊजी रोज दुपारी खेळतात. ते खेळले की चिमणी मजेत. पोटभर जेवते, झोपते, उठून धिंगाणा घालते. एक दिवस चुकला की काय होतं ते दोघांनी पाहिलंय, आता पुन्हा बघायची त्यांची छाती नाही.

मी हे ऐकून आधी हसलो होतो. ‘भाऊजी, खेळायला निमित्त बरं शोधलंत’ असंही म्हणालो. ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली की माझं हसणं तिथेच थांबलं. मग एक दुपार तिथे जाऊन बसलो. भाऊजी खेळत होते. घामाने शर्ट चिकटलेला. डाव संपताच माइकमध्ये काकुळतीने बोलले, “बोक्या, ती लहान आहे रे. कच्चा लिंबू आहे. कच्च्या लिंबावर राज्य येतं का कधी? सोड तिला.”

मी कान देऊन ऐकत होतो. घरघर थांबली.

मग हेडफोनमधून आवाज आला. मीही ऐकला. थकलेला, साधा आवाज. रागबिग काही नाही.

“मग दुसरा दे.”

भाऊजींनी मान वर केली नाही. माझ्याकडे तर मुळीच पाहिलं नाही.

आता खरी अडचण. रोज तासन्‌तास पाय खाली सोडून बसल्याने भाऊजींचा पाय नीट जुळलाच नाही. पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलंय, सोमवारी. काही दिवस दवाखान्यात राहावं लागणार. मग दुपारी कोण?

ताईने खेळून पाहिलं. तिला माऊसही धड फिरवता येत नाही, आणि बोक्याने तिला एका शब्दाचंही उत्तर दिलं नाही. ती माझ्यापुढे बसून नुसती पदराशी चाळा करत होती. मला ‘तू ये’ म्हणायची तिची हिंमत होईना.

“मी बसतो,” मी म्हणालो. “मामा कशाला आहे?”

ताई ओक्साबोक्शी रडली. भाऊजींनी माझा हात धरला, तो कितीतरी वेळ सोडला नाही. मग आत जाऊन माइकमध्ये म्हणाले, “सोमवारपासून बदली देतोय. माझा मेहुणा आहे.”

उत्तर आलं नाही. म्हटलं, मुकाट्याने मान्य केलं असेल.

दुकानात येऊन मी तो खेळ उतरवून घेतला. शाळेत असताना मीही खेळायचो, अगदीच वाईट नव्हतो. पण मध्ये किती वर्षं गेली! दुकानाचं शटर ओढून, आत एकटाच बसून दोन डाव खेळलो. दोन्ही वेळा हँडल पहिल्याच मिनिटाला सुटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, ताईला तर नाहीच.

काल संध्याकाळी ताईच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे चिमणी होती.

“मामा, तू नको येऊस.”

“का गं? मामावर रुसलीस?”

“नाही रे. काका म्हणाले, मामाला हँडल धरता येत नाही. दोनदा मेला म्हणे.”

माझी नजर आपोआप दुकानाच्या शटरकडे गेली.

“तू उगाच घाबरू नकोस,” ती मलाच समजावत होती. “मी आहे ना. काका म्हणतात, मीच छान धरते.”

तेव्हापासून दुकान बंद आहे. बाहेर गिऱ्हाईक येऊन शटर वाजवून जातात. मी आत सराव करतोय. हँडल धरतोय, सुटतंय, पुन्हा धरतोय.

सोमवार उद्यावर आलाय. आणि बोटं अजून वळत नाहीत.